फोन चालू ठेवणारे सर

फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणायची सरांना सवय नव्हती. ‘गाव?’ एवढंच विचारायचे. आपण घाईघाईने फोन लावावा, समोर स्ट्रेचरवर माणूस घोरत पडलेला असावा, नातेवाइकांनी दार अडवलेलं असावं आणि पलीकडून हा थंड आवाज यावा, ‘गाव?’ पहिल्या वेळी मी म्हटलं, ‘सर, अकोला.’

‘तुझं नाही गं. पेशंटचं.’

मी सांगितलं. ते म्हणाले, ‘तिथला रस्ता फार वाईट आहे. म्हणजे लागून बराच वेळ झालाय. आता डोळे दाखव.’

असं होतं ते. गावावरून रस्ता, रस्त्यावरून वेळ, मग डोळ्यांच्या बाहुल्या आणि सिटी स्कॅनचा फोटो अगदी शेवटी. मी आधी फोटो पाठवला तर उघडतसुद्धा नसत. ‘फोटो कुठे पळून जातो का? माणूस दाखव आधी,’ म्हणायचे.

मी तेव्हा अकोल्यातल्या एका रुग्णालयात अपघात विभागाची डॉक्टर होते. सर अमरावतीला, राजापेठेत. मेंदूचे सर्जन म्हणून मुंबईत मोठं नाव कमावलेले. एक दिवस हात थरथरतोय असं त्यांच्याच लक्षात आलं, कोणी काही बोलायच्या आत त्यांनी ऑपरेशन बंद केलं आणि आपल्या मुलखात परत आले. बायको आणि मुलगी बंगलोरला राहत. हे तिकडे का जात नाहीत, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. ‘तिकडे कोणी कोणाला गाव विचारत नाही,’ असं उत्तर मिळालं, आणि लगेच ‘बाहुल्या दाखव.’

आमच्याकडे तेव्हा डोकं उघडू शकेल असं कोणी नव्हतं. पेशंट नागपूरला धाडायचा तर रस्ता लांब. धाडायचा, इथेच काही करायचं, की काहीच करायचं नाही, एवढं सांगणारा जाणकार माणूस हवा असे. मोबाइलवरून फोटो जायला लागले आणि सगळ्या वऱ्हाडातली फुटलेली डोकी राजापेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात पोचू लागली. स्वयंपाकघरात अशासाठी, की सर फोन घेऊन ओट्याशीच उभे असत. बोलता बोलता मधेच ‘थांब, दुसरी झाली’ म्हणायचे. ती कुकरची शिट्टी. मग पुन्हा मेंदूवर यायचे. आमच्या सिस्टर म्हणत, या माणसाचं वरण शिजलं की आपल्या पेशंटचा निकाल लागतो.

फिल्म बघायच्या आमच्या पेटीतली ट्यूब कायम लुकलुकायची. त्यामुळे आम्ही फिल्म खिडकीला धरून, मागे आभाळ घेऊन फोटो काढायचो. खिडकीबाहेर कडुलिंब होता. एकदा सर म्हणाले, ‘या माणसाच्या डोक्यात लिंबाचं झाड उगवलंय. ते आधी काढ, मग मी रक्त कुठे आहे ते सांगतो.’ दुसऱ्यांदा फिल्म उलट्या बाजूने धरली गेली. डावं ते उजवं झालं. ती चूक त्यांनी फोटो उघडताक्षणी धरली. ‘आरशातला माणूस पाठवतेस मला? उद्या चांगल्या बाजूला भोक पाडतील!’ त्या दिवसापासून त्यांनी नवा नियम काढला. फिल्मच्या सरळ बाजूला, कोपऱ्यात, पेशंटच्या गावाचं नाव कागदावर लिहून चिकटवायचं. गाव सरळ वाचता आलं तर फोटो सरळ. आमचे बाकीचे डॉक्टर या नियमाला हसत, पण गावाचं नाव मात्र निमूट चिकटवत.

काम झालं की आपण फोन ठेवतो. सर ठेवू देत नसत. ‘राहू दे चालू. खिशात टाक,’ म्हणायचे. सुरुवातीला मला वाटलं, पेशंटवर लक्ष ठेवायचं असेल. मी फोन ॲप्रनच्या खिशात टाकून कामाला लागायची. ट्रॉलीचा खडखडाट, कोणाची तरी उलटी, बाहेर पोळीभाजीचा डबा घेऊन भांडणारे दोन भाऊ, सगळं त्यांना ऐकू जायचं. मग मधेच खिशातून आवाज यायचा, ‘ती बाई मघापासून रडतेय. तिला पाणी दे कोणीतरी.’ आसपासचे दचकायचे. मी वैतागायची. माझी बॅटरी संपायची, आणि माझ्या खिशात एक म्हातारा माणूस बसून सगळ्यांची विचारपूस करतोय हे काही बरं दिसत नव्हतं. पण फोन बंद करवत नसे. पलीकडे त्यांच्या घरात दुसरा कसलाच आवाज नसायचा, आणि ते मला नेहमी जाणवायचं. फार जाणवायचं.

कसलाच नाही म्हणणं चूक आहे. खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास होता. दुपारनंतर पोरं एका सुरात काहीतरी घोकायची. शांत जागा मिळत असताना सरांनी ती नाकारून ही घेतली होती, असं घर दाखवणाऱ्या दलालानेच मला पुढे सांगितलं.

एका लग्नासाठी अमरावतीला गेले तेव्हा मी त्यांच्याकडे डोकावले होते. दार उघडून ते माझ्याकडे बघत राहिले. बुटके, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली, दोन्ही हात पँटच्या खिशात. चहा दिला, पण तो कप टेबलावर ठेवून मला स्वतःलाच पुढे ओढून घ्यायला लावला. समोरासमोर आम्हाला बोलताच येईना. मी गावातल्या ट्रॅफिकवर काही बोलले, ते ‘हं’ म्हणाले. अर्ध्या कपातच मी निघाले. अकोल्याला पोचते न पोचते तोच त्यांचा फोन. ‘तू एवढी उंच असशील असं वाटलं नव्हतं,’ म्हणाले, आणि मग इतकं भरभरून बोलले की मला हसावं की रडावं कळेना.

पेशंटना ते कधीच भेटत नसत. अकोल्यातला एक गादीवाला, कापूस पिंजायच्या मशीनपाशी पडून डोक्याला मार लागलेला. नागपूरपर्यंत टिकणार नव्हता. आमच्या जनरल सर्जननी फोन ट्रेमध्ये ठेवून, सर सांगतील तिथे, सांगतील तेवढं भोक पाडलं, रक्त काढलं आणि माणूस उठून बसला. बरा झाल्यावर तो हटून बसला. ‘मॅडम, वो फोनवाले डॉक्टरसाब कहाँ रहते, मेरेको एक बार मिलना है. मिलाच द्या नं.’ मी सरांना विचारलं. ‘भेटून काय करू? मी त्याला आतून पाहिलाय. बाहेरून कशाला?’ गादीवाल्याने मग स्वतःच्या हाताने गादी भरली आणि अमरावतीच्या एसटीच्या टपावर टाकून पाठवली. सरांनी ती घेतली. ‘कापूस चांगला आहे,’ एवढंच बोलले. पण त्यानंतर बरेच दिवस, ‘तो गादीवाला चालतो नं नीट?’ हे विचारायचं ते विसरले नाहीत.

ती वर्षंच तशी होती. आमच्या वॉर्डात फवारणीचं औषध प्यायलेली माणसं येतच राहायची, आणि व्हेंटिलेटर मोकळा आहे का या सरांच्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर असायचं. एकदा ते म्हणाले, ‘त्यांच्या डोक्याचे फोटो काढून मला काहीच दिसणार नाही गं.’ माझ्याही मनात तेच होतं.

आता त्यांचा सगळ्यात विचित्र हट्ट. काही होण्यासारखं नसलं की ‘घरी न्या’ हे नातेवाइकांना ते स्वतः सांगायचे. मला सांगू द्यायचे नाहीत. ‘तू त्यांच्या समोर उभी असतेस. हे समोरच्या तोंडून ऐकू नये. दे फोन त्यांना.’ माझ्याशी पुस्तकी बोलणारे सर मग एकदम वऱ्हाडी मले-तुलेवर यायचे. लगेच निकाल देत नसत. आधी त्या माणसाबद्दल विचारायचे. काय पेरते, कोणाशी पटत नाही, जेवणात काय लागते. बोलणारा बोलत जायचा, आणि मग कधीतरी मधेच ते सांगून टाकायचे. फोन परत माझ्या हातात यायचा तेव्हा गरम झालेला असायचा.

बेबीबाईंना त्यांनी असंच सांगितलं होतं.

बेबीबाई मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातल्या. घरची फुलांची शेती, झेंडू आणि शेवंती. त्या अकोल्याच्या बाजारात फुलं घेऊन बसलेल्या असताना तिकडे गावाकडे त्यांच्या नवऱ्याला मोटरसायकलने उडवलं. रस्त्यावरच्या लोकांनी उचलून आमच्याकडे आणलं, मागाहून निरोप मिळून बाई आल्या. भर दुपार होती. मी डोळ्यांवर टॉर्च मारून व्हिडिओ पाठवला. दोन्ही बाहुल्या मोठ्या, गोल, टॉर्चने जराही न हलणाऱ्या.

‘दोन्ही?’ सरांनी विचारलं.

‘दोन्ही, सर.’

‘पुन्हा दाखव.’

मी पुन्हा दाखवलं. मग फोटो. डाव्या बाजूला रक्त होतं, बरंच. रक्त काढता आलं असतं, पण दोन्ही बाहुल्या अशा थिजल्या म्हणजे आतलं मूळच गेलं, असं आम्ही सगळेच शिकलेलो. दोन्ही व्हेंटिलेटर अडकलेले. सर म्हणाले, ‘बाईंना दे.’

बेबीबाई फोन कानाला लावून भिंतीशी उभ्या राहिल्या. शेवंती कधी लावता, हार कोण गुंफते, सगळं सांगत होत्या. मग एकाएकी त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला, पदर खोचला आणि टेम्पो बघायला बाहेर गेल्या. त्या रडल्या नाहीत, म्हणून खिशातल्या सरांनी पाणी द्या असंही म्हटलं नाही.

त्यानंतर बरेच महिने गेले. एक दिवस बाह्यरुग्ण विभागात बेबीबाई माझ्यासमोर उभ्या. सोबत ऑटोवाल्याने खुर्चीत बसवून आणलेला नवरा. जिवंत! उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली, लघवीच्या नळीत बिघाड झाला म्हणून आणलेला. मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं.

‘तुमीच त फोन देल्ला होता मले,’ त्या म्हणाल्या. ‘घरी नेलं. चार दिवस सारे वाट पाहून बसले. मंग याईनंच डोये उघडले.’

मी नळी बदलली. बदलता बदलता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, अपघात झाला कसा.

‘दिसलंच नाई नं त्याईले. त्या दिवशी डोयाच्या कॅम्पात गेल्ते. मोतीबिंदू पाहासाठी थेंब टाकले डोयात. मंग सारं धुकट धुकट. तसेच निंगाले घरी याले.’

ते थेंब बाहुली मोठी करण्याचेच असतात. थेंब टाकलेला डोळा टॉर्चला दाद देत नाही, माणूस ठणठणीत असला तरी. त्या दिवशी हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. रस्त्यावरच्या लोकांना माहीत नव्हतं, बाईंना ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं, आणि सरांनी शेवंतीपासून सगळं विचारलं होतं, तेवढं एक सोडून.

मी त्याच दुपारी सरांना फोन केला. न सांगणं मला जमलंच नसतं. ‘गाव?’ त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं आणि मग बाकीचं. कुकरची शिट्टी झाली. त्यांनी मोजली नाही. पुढच्याही मोजल्या नाहीत. मी फोन कानाला लावून बसून राहिले, त्यांनीही ठेवला नाही. शेवटी जळका वास यायला लागला असावा, कारण गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज आला. ‘मला तिथे जायचंय,’ सर म्हणाले.

ते अमरावतीहून रेल्वेने मूर्तिजापूरला आले, मी अकोल्याहून गाडी घेऊन गेले. स्टेशनाबाहेर हात खिशात घालून उभे होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘मी तिथे बोलणार नाही. ती आवाज ओळखेल.’

‘मग जाऊन करणार काय?’

‘बघीन.’

मला त्यांचा राग आला. एवढं यायचं आणि तोंड लपवायचं! पण बाजूला बघितलं तर खिशातले हात खिशासकट थरथरत होते, म्हणून मी गाडी चालवत राहिले.

बेबीबाईंच्या अंगणात झेंडूचा ढीग होता आणि त्या हार गुंफत होत्या. नवरा बाजेवर, भिंतीला टेकून. ‘या बाई, या. हे कोन?’

‘आमचे सर आहेत,’ मी म्हटलं. सर काहीच बोलले नाहीत. बाजेच्या कडेला बसले, खिशातला हात काढला आणि नवऱ्याचा लुळा हात हातात घेतला. बोटं एकेक करून दाबून पाहिली. मग वाकून डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले. दोन्ही बाहुल्या उन्हात बारीक झाल्या होत्या, कोणाच्याही होतात तशा.

‘याईले बी बोलता येत नाई का वो?’ बेबीबाईंनी मला हळूच विचारलं.

मी मान हलवली. ‘नाही’ अशी.

‘असू द्या मंग. बसू द्या. आमच्या घरी बोलनारी मी एकलीच. ऐकनारे दोन झाले.’ आणि त्या बोलायला लागल्या. एकटं राहून साचलेलं बोलणं. कुशीवर कसं वळवायचं हे कोणाला पाहून शिकल्या, भाऊबंद कसे येईनासे झाले, झोपून झोपून पाठीला जखम कशी पडली आणि कशी भरली. आणि मग तो फोनवाला. ‘तोंड जळो त्याचं! किती गोड बोलला वो. फुलं कोनती लावता, इचारे. मी येडी, सांगत बसली. आन मंग म्हने घरी न्या, आता काई नाई रायलं. रोज शिव्या देतो मी त्याले. सकायी याईले उचलाले ताकत लागते नं, शिव्या देतो आन उचलतो.’

सर खाली मान घालून ऐकत होते. मी उठायला पाहत होते, तेवढ्यात बाईंनी चहा आणला आणि नवऱ्याची मान मागे करून बशी तोंडाला लावली. चहा चुकीच्या वाटेला गेला. माणूस घुसमटला, डोळे पांढरे व्हायला लागले.

‘मान खाली! मागं नाई बाई, खाली करा त्याईची. हनुवटी छातीले लावा!’

बाईंनी मान खाली केली. ठसका मोकळा झाला, श्वास आला. पदराने नवऱ्याचं तोंड पुसून त्या हळूहळू सरांकडे वळल्या. त्यांनी ओळखलं होतं.

‘हाव,’ सर म्हणाले. ‘मीच तो.’ मग त्यांनी सगळं सांगितलं. थेंबांचं सांगितलं. ‘मी डोये पाह्यले आन फसलो. इचाराले पाहिजे होतं, नाई इचारलं. त्या दिवशी नागपूरले नेलं असतं त बोलले बी असते कदाचित. मी सांगतलं म्हणून तुमी नेलं नाई.’

बेबीबाईंनी सुई उचलली, एक झेंडू ओवला, दुसरा ओवला. तिसरा हातातच राहिला. मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी ओरडावं असंही वाटलं. त्या रडल्या. त्या दिवशी हॉस्पिटलात राहून गेलेलं सगळं रडल्या. बाजेवरचा नवरा डाव्या हाताने त्यांचा पदर धरायला बघत होता आणि त्याला तो सापडत नव्हता. सरांनी पदराचं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, ‘तुमी कावून आले वो इथं? दुरून शिव्या द्याले बरं होतं. आता तुमी समोर बसून रायले, हात कापून रायला तुमचा, तोंडातून शिवीच निंघत नाई. आता सकायी उठून कोनाले देऊ?’

‘मलेच द्या,’ सर म्हणाले. ‘फोन करून द्या.’

त्यांनी बाईंचा मोबाइल मागून घेतला. थरथरत्या बोटाने आकडे चुकू लागले, तेव्हा बाईंनीच तो काढून घेतला आणि ‘सांगा’ म्हणाल्या. सर एकेक आकडा सांगत गेले.

बेबीबाईंनी खरोखर फोन केला, दुसऱ्याच सकाळी. पुढेही करत राहिल्या. आधी नुसत्या शिव्या, मग शिव्या आणि नवऱ्याचा खोकला, मग शेवंतीवर पडलेला रोग. सर गेले तोवर हे चालू होतं. डोक्याचा फोटो न पाठवता त्यांना फोन करणारं या सगळ्या मुलखात तेवढं एकच माणूस होतं.